ब्रॅकिस्टोक्रोनचं (म्हणजे सगळ्यात कमी वेळात उतरायच्या रस्त्याचं) तीन रुळांचं किट, चार महिने वापरून मग लिहितेय

खोका उघडला त्याच दिवशी लिहायला बसले होते पण बरं झालं राहून गेलं, कारण त्या दिवशी मी याला पाचपैकी तीन स्टार दिले असते आणि तक्रार केली असती ती नेमक्या त्या गोष्टीची, जी आता मला या किटमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

आधी मिळतं काय ते सांगते. एका फ्रेमवर शेजारीशेजारी तीन रूळ आहेत, एक सरळ उतार, एक वर्तुळाच्या कंसाचा आणि एक सायक्लॉइड नावाच्या वक्ररेषेचा (ती कशी निघते ते पुढे सांगते). तिन्ही एकाच उंचीवरून सुटतात आणि खाली एकाच रेषेवर संपतात. उंची ३० सेंटीमीटर आणि आडवं अंतर ४७. सगळं एमडीएफ, लेझरने कापलेलं, कडा जरा काळपट आहेत पण हाताला लागत नाहीत. सोबत स्टीलचे सहा छर्रे (सायकलच्या बेअरिंगमधले असतात तसेच पण मोठे), दांडीवर सरकणाऱ्या तारेच्या दोन कड्या साबणाच्या फिल्मसाठी, आणि सोळा पानांची पुस्तिका. डिलिव्हरी धरून मला २,८५० रुपये पडले. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, रविवारी घरी सात-आठ पोरं येतात, त्यांच्यासाठीच घेतलं.

विषय काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वरच्या एका बिंदूपासून खालच्या, थोड्या बाजूला असलेल्या दुसऱ्या बिंदूपर्यंत वस्तू फक्त स्वतःच्या वजनाने जायची आहे, तर रस्ता कसा असावा म्हणजे ती सगळ्यात कमी वेळात पोचेल? सगळ्यात कमी अंतराचा रस्ता म्हणजे सरळ रेषा, हे शाळेत शिकवलेलं असतं, पण इथे अंतर नाही तर वेळ वाचवायचाय, आणि वेळ वाचवायचा तर सुरुवातीलाच खाली झेप घेऊन वेग कमवायला लागतो, मग भले रस्ता लांबला तरी चालेल. किती खोल जायचं आणि किती लांबवायचं याचा हिशेब म्हणजे हा प्रश्न. नेहमीच्या कॅल्क्युलसमध्ये आपण एखादा आकडा शोधतो जिथे काहीतरी कमीत कमी होतं, इथे आख्खी वक्ररेषा शोधायची असते, असंख्य वक्ररेषांमधून एक. त्यालाच कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स म्हणतात.

आता खरा मुद्दा. पहिल्या दिवशी सगळे बसलो, टेबलाला पाणसळ लावून घेतली, तीन छर्रे वर ठेवले, सोडले. सरळ रुळावरचा छर्रा मागे पडला हे सगळ्यांनी पाहिलं, पोरं खूश. पण वर्तुळाचा आणि सायक्लॉइडचा एकदमच पोचले! खाली थांबवायला पट्टी आहे तिच्यावर आवाज दोनच येतात, एक ठक्क आणि मागून सरळवाल्याचा दुसरा ठक्क. पुस्तिकेत तर ठळक अक्षरात छापलंय की सायक्लॉइड "दोन्ही रुळांना सहज हरवतो". आम्ही दहा वेळा केलं, पंधरा वेळा केलं, पाच-सहा वेळा तर वर्तुळवाला आधी पोचल्यासारखा वाटला. मला वाटलं रूळच चुकीचा कापलाय.

म्हणून तपासलं, आणि ही तपासणी कोणीही घरी करू शकतं. सायक्लॉइड म्हणजे चाक सरळ रेषेवरून गडगडत नेलं की चाकाच्या काठावरचा एक बिंदू जी रेघ काढतो ती. या रुळाची उंची ३० म्हणजे चाकाचा व्यास ३०, आणि आमच्या घरातलं जेवणाचं ताट बरोबर ३० सेंटीमीटरचं निघालं. ताटाच्या काठाला पेन चिकटपट्टीने बांधलं, भिंतीला पुठ्ठा लावला, खाली लाकडी पट्टी ठेवली आणि ताट पट्टीवरून न घसरू देता हळूहळू गडगडवलं. अर्धा फेरा झाला की पेन पट्टीपासून ३० वर आणि आडवं ४७ वर येतं (ताटाचा अर्धा परीघ, म्हणून ४७, किटवाल्यांनी तो आकडा उगाच निवडलेला नाही). रेघ कापून उलटी करून रुळाला लावली तर शेवटपर्यंत जुळली. म्हणजे रूळ चोख आहे, कापणाऱ्याला पूर्ण मार्क.

मग मोबाइलच्या स्लो मोशनवर घेतलं, सेकंदाला २४० फ्रेम. सायक्लॉइडला १२५ फ्रेम लागल्या, एखादी इकडेतिकडे. सरळ उताराला १४८. आणि वर्तुळाला कधी १२६ कधी १२७, एकदा तर १२५. कागदावर गणित करून पाहिलं तर तेच येतं, सरळ रेषेला सायक्लॉइडपेक्षा साधारण साडेअठरा टक्के वेळ जास्त लागतो आणि या वर्तुळाच्या कंसाला फक्त एक पूर्णांक दोन दशांश टक्के. सव्वा टक्कासुद्धा नाही. अर्ध्या सेकंदाच्या खेळात सव्वा टक्का डोळ्याला काय कानालाही कळणार नाही. म्हणजे रूळ बरोबर, छर्रे बरोबर, फक्त पुस्तिकेतलं ते वाक्य चूक.

एक मध्येच सांगते, वेळ सूत्राने काढाल तर सायक्लॉइडला ०.३९ सेकंद येतात आणि मोबाइलवर ०.५२ दिसतात, तेव्हा घाबरू नका. सूत्र घसरणाऱ्या वस्तूचं असतं, छर्रा गडगडतो, त्याची थोडी ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते. छर्रा खोबणीच्या दोन कडांवर टेकून चालतो म्हणून ती जरा जास्तच जाते. पण तिन्ही रुळांवर सारख्याच पटीत जाते त्यामुळे कोण पुढे कोण मागे ते बदलत नाही.

तर वर्तुळ आणि सायक्लॉइड जवळपास बरोबरीत का सुटतात यावर आम्ही दोन रविवार घालवले आणि मला वाटतं माझ्या शिकवण्याच्या आयुष्यातले ते चांगले रविवार होते. पट्टीने मोजलं. सायक्लॉइड आणि वर्तुळ यांच्यातलं उभं अंतर वरच्या भागात जास्तीत जास्त अडीच सेंटीमीटर आहे. सायक्लॉइड आणि सरळ रेषा यांच्यातलं जास्तीत जास्त पावणेअकरा. म्हणजे सायक्लॉइडपासून सरळ रेषा वर्तुळाच्या चौपटीहून थोडी जास्त दूर आहे, पण वेळेचं नुकसान चौपट नाही, पंधरापट! चाराचा वर्ग सोळा. सर्वोत्तम रस्त्यापासून थोडं हललात तर नुकसान जवळजवळ काहीच नाही, दुप्पट हललात तर चौपट, चौपट हललात तर सोळापट. (आकार वेगवेगळे आहेत, फरकही लहान नाही, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण कल अगदी दिसतो.) दरीच्या तळाशी उभं राहिलं की दोन पावलं इकडेतिकडे टाकली तरी उंची फारशी बदलत नाही, तसंच. आणि या विषयाची पाळंमुळं नेमकी या गोष्टीत आहेत. सर्वोत्तम वक्ररेषा ओळखायची कशी? तर तिला किंचित हलवून बघायचं, आणि पहिल्या पायरीवर, म्हणजे हलण्याच्या प्रमाणात, वेळ बदलत नसेल तर ती तुमची वक्ररेषा. हे मी एमएस्सीला पाठ केलं होतं, सूत्र लिहून मार्क घेतले होते, पण बोटांनी मोजलं ते पहिल्यांदा या किटवर.

यावरून गॅलिलिओबद्दलही माझं मत बदललं. त्याने १६३८ च्या ग्रंथात दाखवलं होतं की वर्तुळाच्या कंसावरून वस्तू जीवेपेक्षा, म्हणजे त्या दोन टोकांमधल्या सरळ रेषेपेक्षा, लवकर उतरते, आणि त्यावरून त्याला वाटलं की वर्तुळच सगळ्यात वेगवान. बऱ्याच ठिकाणी हे "गॅलिलिओची चूक" म्हणून एका ओळीत उरकतात, या पुस्तिकेतही तसंच आहे. पण ज्याच्याकडे सेकंदाचे भाग मोजायला घड्याळ नाही, कॅल्क्युलस अजून जन्मायचाय, त्याने सव्वा टक्का ओळखायचा तरी कसा? तो उत्तराच्या इतका जवळ पोचला होता की आज आमच्या मोबाइललाही दोघं धड वेगळे करता येत नाहीत.

पुढची गोष्ट पुस्तिकेत बऱ्यापैकी आहे. योहान बर्नोली, मूळचा बाझेलचा पण तेव्हा हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला प्राध्यापक, त्याने जून १६९६ मध्ये लायपझिगहून निघणाऱ्या आक्टा एरुडिटोरुम या मासिकात हा प्रश्न जगातल्या सगळ्या गणितज्ञांना घातला आणि सहा महिने दिले. जर्मन गणितज्ञ लाइबनिट्झने स्वतः लगेच सोडवला पण त्यानेच मुदत वाढवायला सांगितली, म्हणजे बाकीच्यांपर्यंत प्रश्न पोचेल, मग १६९७ च्या ईस्टरपर्यंत थांबायचं ठरलं. न्यूटन तेव्हा लंडनच्या टांकसाळीत होता. त्याच्या भाचीने सांगितलेली आठवण अशी की दुपारी चारला थकून घरी आला, प्रश्न पाहिला आणि पहाटे चारपर्यंत सोडवूनच झोपला. त्याने उत्तर निनावी छापलं, आणि योहानने पंज्यावरून सिंह ओळखावा तसं मी ओळखलं असं म्हटल्याचं प्रसिद्धच आहे. मे १६९७ च्या अंकात उत्तरं आली, योहान, त्याचा थोरला भाऊ याकोब, लॉपिताल, चिर्नहाउस, आणि न्यूटनचंही. उत्तर सायक्लॉइड! हीच वक्ररेषा डच शास्त्रज्ञ हायगेन्सने आधी घड्याळाच्या लंबकासाठी वापरली होती, १६७३ च्या त्याच्या ग्रंथात ती आहे, कारण सायक्लॉइडवर कुठूनही सोडा, तळाला पोचायला तेवढाच वेळ लागतो.

हे दुसरं नवल पाहायला किटमध्ये सोय ठेवलेली नाही, खरं तर दोन सायक्लॉइड हवे होते, ही माझी एक तक्रार. पण एकाच रुळावर जमतं. एक छर्रा अगदी वर धरा, दुसरा अर्ध्यावर, दोघांनी दोन हातांनी एकदम सोडा. वरचा खालच्याला गाठतो तो थेट तळाशी येऊन, वाटेत कुठेच नाही. चांगला हात बसायला आठ-दहा प्रयत्न लागतात पण बसला की खोलीतला प्रत्येक जण एकदा तरी "परत कर" म्हणतोच.

योहानची युक्ती पुस्तिकेत अर्ध्या पानात गुंडाळलीय आणि ती इतकी सुंदर आहे की मला वाईट वाटलं. तो म्हणाला, छर्रा विसरा, प्रकाशाचा किरण समजा. फ्रेंच गणितज्ञ फर्मा याने आधीच सांगून ठेवलं होतं की प्रकाश कमीत कमी वेळाचा रस्ता धरतो, त्यातूनच काचेत पाण्यात तो किती वाकतो त्याचा नियम निघतो. आता हवेचे पातळ पातळ थर कल्पा, वरून खाली प्रत्येक थरात प्रकाश आधीपेक्षा जास्त वेगाने जातो, जसा छर्रा खाली येताना वेग घेतो अगदी तसा. प्रत्येक थराला किरण थोडा वाकणार, आणि उभ्या रेषेशी त्याचा जो कोन होतो त्याची साइन भागिले वेग, हे सगळीकडे सारखं राहणार. आता रुळाकडे बघा. वर वेग शून्य म्हणून साइनही शून्य, म्हणजे रूळ तिथे ओळंब्यासारखा सरळ खाली सुटतो. तळाशी वेग सगळ्यात जास्त, तिथे रूळ अगदी आडवा. हे वाक्य सांगून मी पोरांना रुळावरून बोट फिरवायला लावते.

पण माझ्या मते जास्त दूर गेलं ते याकोबचं उत्तर, आणि त्याचं पुस्तिकेत नावापलीकडे काही नाही. योहानची युक्ती चलाख पण या एका प्रश्नापुरती. याकोबने रेषेचा एक छोटासा तुकडा उचलून किंचित हलवला आणि विचारलं, वेळ बदलला का? सर्वोत्तम रेषेवर बदलता कामा नये. आम्ही पट्टीने जे मोजलं तेच, फक्त अतिसूक्ष्म करून. या भावांचं पुढे फार वाईट भांडण झालं, याकोबने उलटा प्रश्न घातला, ठरावीक लांबीच्या रेषांबद्दलचा, आणि त्यात योहानचं उत्तर अपुरं पडलं. भांडण कडू होतं पण त्यातून जे निघालं ते योहानचाच शिष्य ऑयलर याने १७४४ मध्ये एका आख्ख्या ग्रंथात नीट मांडलं. रेषेचे लहान लहान सरळ तुकडे करून, एकेक कोपरा हलवून, त्याने असे कितीतरी प्रश्न एकाच सूत्रात आणले.

आणि मग माझा सगळ्यात आवडता प्रसंग, जो पुस्तिकेत अजिबातच नाही. १२ ऑगस्ट १७५५ ला तुरिनहून एकोणीस वर्षांच्या मुलाने ऑयलरला पत्र लिहिलं. कोपरे, तुकडे, आकृत्या सगळं बाजूला ठेवून आख्खी रेषाच एकदम हलवायची, त्या हलण्याला डेल्टा हे चिन्ह द्यायचं आणि नेहमीच्या डेरिव्हेटिव्हसारखं चालवायचं, बस. तो मुलगा लाग्रांज. ऑयलर तेव्हा अठ्ठेचाळीसचा, युरोपभर नाव झालेलं, स्वतःचा ग्रंथ छापून अकरा वर्षं झालेली. त्याने काय केलं, तर मुलाचं मनापासून कौतुक केलं, या पद्धतीवरचं स्वतःचं लिखाण छापायचं थांबवलं म्हणजे श्रेय पोराला मिळेल, आणि विषयाला नावही पोराच्याच पद्धतीवरून दिलं, कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स. आज ते सूत्र दोघांच्या जोडनावाने शिकवतात. एकोणीस म्हणजे माझ्या रविवारच्या पोरांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, हे मी त्यांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी सांगताना माझा आवाज जरा बदलतो.

आता कड्या. मला वाटलं होतं हे आपलं फुकटचं दिलंय, पण रुळाच्या जोडीला यांनीच किट वसूल केलं. दोन्ही कड्यांचा व्यास १० सेंटीमीटर. भांड्याचं लिक्विड, पाणी आणि थोडं ग्लिसरीन, त्यात दोन्ही कड्या चिकटवून बुडवायच्या, बाहेर काढून हळूहळू लांब करायच्या. (मधे एक सपाट पडदा राहतो तो कोरड्या बोटाने फोडायचा.) दोन कड्यांमध्ये कंबर बारीक असलेली, डमरूसारखी फिल्म तयार होते. साबणाची फिल्म क्षेत्रफळ कमीत कमी करू बघते, आणि हा आकार ऑयलरने त्या १७४४ च्या ग्रंथातच काढला होता, लोंबत्या साखळीची रेषा अक्षाभोवती फिरवली की येतो तो. कड्या लांब करत गेलं की कंबर बारीक होत जाते आणि साधारण साडेसहा सेंटीमीटरच्या पुढे फट्! डमरू तुटून दोन्ही कड्यांवर एकेक सपाट चकती उरते. गणित ६.६ सांगतं, आम्हाला ६.४ ते ६.६ मध्ये मिळालं, हाताच्या थरथरीला धरून हे उत्तमच.

पण गंमत त्याच्या आधीच घडून गेलेली असते. ५.३ सेंटीमीटरच्या पुढे दोन सपाट चकत्यांचं क्षेत्रफळ डमरूपेक्षा कमी भरतं, म्हणजे फिल्मला तिथे जाणं फायद्याचं असतं, तरी ती ६.६ पर्यंत डमरूच राहते. का? कारण तिला फक्त आजूबाजूचं कळतं. थोडं हलून बघितलं तर नुकसान, म्हणून ती तिथेच बसते, पलीकडे अजून खोल दरी आहे याचा तिला पत्ता नाही. किंचित हलवून बघायच्या पद्धतीची मर्यादा ती हीच. पहिल्या पायरीवर बदल नाही एवढ्यावरून ती जागा दरी आहे की टेकडीचा माथा तेही कळत नाही, आणि दरी असली तरी सगळ्यात खोल तीच का हे तर नाहीच नाही. लजांद्र, याकोबी, वायरश्ट्रास या गणितज्ञ मंडळींनी पुढची शंभरेक वर्षं यावर घासली. साबणाच्या फिल्मवर आयुष्य घातलं ते बेल्जियममधल्या गेंटच्या जोसेफ प्लाटो या भौतिकशास्त्रज्ञाने, ज्याची दृष्टी चाळिशीतच गेली होती, तो प्रयोग सांगायचा आणि इतर जण करून त्याला काय दिसतं ते बोलून दाखवायचे. तारेची कुठलीही वेडीवाकडी चौकट घेतली तरी तिच्यावर अशी कमीत कमी क्षेत्रफळाची फिल्म असतेच का, हे सिद्ध व्हायला १९३० उजाडलं, आणि त्यासाठी अमेरिकन गणितज्ञ जेसी डग्लसला १९३६ मध्ये गणितातल्या पहिल्यावहिल्या फील्ड्स पदकांपैकी एक मिळालं.

तक्रारी आहेत. तिन्ही छर्रे एकदम सोडायला वर एक सरकतं फाटक दिलंय ते अडकतं, एका बाजूने आधी उघडतं, आणि ज्या खेळात एक-दोन फ्रेमचा प्रश्न आहे तिथे हे चालणार नाही. शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने खाचा घासल्या आणि मेणबत्ती फिरवली, तेव्हापासून नीट चालतंय, पण २,८५० रुपयांत हे आपण करायला लागू नये. सायक्लॉइडचा रूळ वर अगदी उभा असल्यामुळे छर्रा कधीकधी सुरुवातीलाच रूळ सोडून उडतो, फाटक सावकाश उघडलं तर जास्तच. तारेच्या कड्या दोन महिन्यांत गंजल्या, वापरून झाल्यावर पुसून ठेवा. पुस्तिकेचं मराठी छान सरळ आहे, पण ते "सहज हरवतो" वाक्य काढून त्या जागी मोजायला सांगितलं पाहिजे. मी विक्रेत्याला तसं लिहिलं, माझे फ्रेमचे आकडे पाठवले, उत्तर आलं की पुढच्या छपाईत बघू. फाटक मात्र त्यांनी नवीन पाठवलं, पैसे न घेता.

कोणासाठी घ्यावं? अकरावी-बारावीची पोरं, बीएस्सीवाले, आणि ज्या शिक्षकांना एक तास नाही तर दोन-तीन रविवार द्यायची तयारी आहे ते. लहान मुलांना सरळ उतार हरतो एवढं बघून मजा येते, पण ते तुम्ही पडद्याच्या पाइपचे तुकडे वाकवूनही दाखवाल. साडेचार स्टार, अर्धा फाटकाचा कापला.

परवा एका मुलीने विचारलं की मॅडम, शेवटचं टोक तळाशी न ठेवता अजून लांब नेलं तर रूळ आधी खाली जाऊन परत वर चढेल का. चढेल, सायक्लॉइडचा कंस अर्ध्यापेक्षा जास्त वापरायला लागेल. या रविवारी परातीने रेघ काढून पुठ्ठ्याचा रूळ करून बघणार आहोत, ताट पुरणार नाही.